कुशीतला सेनापती

चौथं वाक्य वाचलं आणि चिऊताईंनी कानावरचे हेडफोन काढले.

पहिली तीन वाक्यं बिनघोर होती. ‘मी आलो रे आलो!’, ‘चला, फौज निघाली!’, ‘तोफा भरा!’ तिन्ही त्यांनी गाल फुगवून, गुबगुबीत आवाजात एका दमात म्हणून टाकली. ससे, अस्वलं आणि बोलक्या बाहुल्या यांना आवाज देण्यात त्यांचा जन्म गेला होता. धंद्यात त्यांचं खरं नाव आता कुणाला आठवतही नव्हतं. आज समोरच्या स्टँडवर कापसाचा सेनापती बसवला होता. तांबडा झगा, बटणांचे डोळे, आणि पोट दाबलं की बोलायचं यंत्र आत.

चौथं वाक्य होतं, ‘एकालाही सोडू नका!’

“एकालाही म्हणजे कुणाला?” चिऊताईंनी माइकवर विचारलं.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी खेळण्यांच्या कंपनीचे विक्रीसाहेब बसले होते. त्यांचा आवाज आतल्या स्पीकरवर आला. “अहो ताई, कुणालाही. ठोकळे समजा ना. मुलं ठोकळे पाडतात, तसं.”

“ठोकळे नाहीत,” मागच्या सोफ्यावरून मास्तर म्हणाले. “माणसं आहेत. शरण आलेली.”

हा सेनापती ज्यातला, तो मूळ खेळ मास्तरांनी रचलेला. टेबलावर नकाशा पसरून, सोंगट्या मांडून मोठ्या माणसांनी खेळायचा युद्धाचा खेळ. ‘फक्त प्रौढांसाठी’ असं खोक्यावर ठळक छापलेलं. त्यात हे चौथं वाक्य ज्याच्या वाट्याला येतं, त्याला जिंकलेल्या शहरातली घरं स्वतःच्या हाताने एकेक करून उचलावी लागतात, आणि प्रत्येक घराखाली आत राहणाऱ्यांचे चेहरे असतात. कित्येक जण दोन-तीन घरं उचलून खेळ सोडून देतात. त्यांनी सोडावा म्हणूनच तर मास्तरांनी तो तसा रचला होता. शाळेत इतिहास शिकवून जे साधलं नाही, ते या पटावर थोडंफार साधलं असं त्यांना वाटायचं.

आणि आता त्याच सेनापतीची उशी निघाली होती, डबा निघाला होता, पाण्याची बाटली आणि नाइट ड्रेसही निघाला होता. सगळे हक्क कंपनीने कधीच घेऊन ठेवलेले. मास्तरांना आज बोलावलं होतं ते चहा प्यायला आणि मान डोलवायला.

“मुलांना कुठे काय कळतंय?” साहेब हसत म्हणाले. “आज कुशीत घेऊन झोपतील, मोठी झाली की खोका विकत घेतील. जिव्हाळा लहानपणीच लावावा लागतो, मास्तर.”

“लावा की.” मास्तर कप हातात धरून पुढे झुकले. “दुधाचे दात पडायच्या आत कत्तलीचा जिव्हाळा लावा. पुढे कुणाला काही शिकवायलाच नको.”

“तुम्ही ना, प्रत्येक गोष्ट फार मनाला लावून घेता.”

असली गोष्ट मनाला लावून घ्यायची नाही, तर मन ठेवायचं कशासाठी, हे मात्र साहेबांनी सांगितलं नाही. त्यांनी माइकचं बटण दाबलं. “घेऊ या का, ताई? आवाज मऊ हवा हं. पोरं झोपताना पोट दाबणार.”

“झोपताना?”

“झोपतानाच तर! अंगाईसारखं म्हणा.”

चिऊताईंचा पारा चढला. त्यांच्या आवाजावर भरवसा ठेवून किती पोरांनी घास खाल्ले असतील, औषधं गिळली असतील, अंधारात एकटी झोपली असतील. त्या भरवशात हा माणूस आज हे कालवायला निघाला होता. कागद भिरकावून चालतं व्हावं असं त्यांना वाटलं. पण आपण गेलो तर दुसरी कुणीतरी येऊन म्हणेल, हेही त्यांना ठाऊक होतं.

“सेनापतीचा आवाज राहू दे,” त्या म्हणाल्या. “हे बाहुलं घरात गेल्यावर आठ दिवसांनी काय ऐकू येईल, ते ऐका.”

त्यांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले. साठीला टेकलेल्या त्या बाईच्या गळ्यातून चार वर्षांचं पोर बोललं. नाक थोडं चोंदलेलं, पेंगुळलेलं, आईच्या पदराशी लोळत असावं तसं.

“एकालाही शोडू नका हं, आई.”

आणि एक बारीकशी जांभई.

रेकॉर्डिस्टने खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरलं. मास्तरांनी कप खाली ठेवला आणि ते नुसतेच आपल्या हातांकडे बघत राहिले. चिऊताईंनी डोळे उघडले. आता तरी लाज वाटली असेल, म्हणून त्यांनी काचेपलीकडे पाहिलं.

साहेब उभे राहिले होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

“ताई!” त्यांनी बटणावर हातच आपटला. “काटा आला हो अंगावर! पोराचाच आवाज! इतके दिवस झक मारतोय आम्ही, कुणाच्या डोक्यात आलं नाही. तेवढं ‘आई’ काढून टाकू, बाकी हेच. दुसरा टेक नको.”

“अहो, मी तुम्हाला...” चिऊताई हेडफोन टाकून, जड दार ढकलून बाहेर आल्या. “पुसा ते. आत्ताच्या आत्ता पुसा!”

रेकॉर्डिस्टने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी त्याला बोटानेच पुन्हा लावायला सांगितलं आणि ऑफिसात फोन लावून आपला मोबाइल स्पीकरपुढे धरला. ते पेंगुळलेलं पोर खोलीभर पुन्हा बोललं.

“पुसा म्हणते ना!”

साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं, रडणाऱ्या मुलाला गप्प करावं तसं चिऊताईंना गप्प केलं, आणि फोन कानाला लावून हळूच म्हणाले, “ऐकलंस? किती निरागस आहे ना!”