बगळ्याची ढाल

"अशी चालणार नाही," ऑझबर्टकाका म्हणाले आणि त्यांनी ढाल टेबलावर ठेवली.

एव्हिसचा चेहरा पडला. दुपारच्या मिरवणुकीत तिला हीच ढाल घेऊन चालायचं होतं. त्यासाठीच तर ती यॉर्कहून या मध्ययुगाच्या हौशी मंडळींच्या छावणीत आली होती. आणि इथली नावं नि ढाली पारखायचं काम काकांचं; त्यांनी पसंत केल्याशिवाय छावणीच्या कुरणात कुणी साधा पोळपाटसुद्धा ढाल म्हणून मिरवू शकत नाही.

एरवी काका टपालकचेरीत पत्रं लावतात. पण इथे झगा चढवला, जुन्या काळचं नाव घेतलं, की माणूस निराळाच! कालच एक दंतवैद्य 'ड्रॅगनसम्राट' हे नाव घेऊन आला होता. दात उपटायचं काम त्या काळी न्हाव्यांचं, म्हणून काकांनी त्याला 'वॅट न्हावी' करून टाकलं. गडी खूश होऊन गेला. काय हातोटी म्हणावी!

"नावात खोट नाही," काका म्हणाले. "'एव्हिस, हेमनची लेक.' झकास! निळ्यावर रुपेरी बगळा, तोही तुमच्या घरचाच. पण वरची तीन दातांची पट्टी कुठाय?"

"नाहीये."

"अगं, थोरल्या लेकराच्या ढालीवर ती लागतेच. बाप वारल्यावरच काय ती निघते. मला हे कुणी शिकवलं? तुझ्याच बापाने! तेव्हा मी सिंह आणि मांजर यांत गल्लत करायचो."

एव्हिस जेमतेम हसली.

"आणि हा रंगारी कुठला गाठलास? चोच बघ, कशी थरथरलीय. हेमनची रेघ म्हणजे, अहाहा! एका दमात बगळा उतरवतो पठ्ठ्या. त्याने बघितली का ही?"

"बघितली."

"आणि गप्प बसला? म्हातारा झाला लेकाचा!" काकांनी तंबूबाहेर डोकावलं. हेमनची जुनी हिरवी गाडी कुंपणाशी उभी होती. "लपलाय कुठे? गेल्या वर्षीही दांडी मारली. त्याची खुर्ची मांडून ठेवलीय मी. सफरचंदाची दारूही आणलीय, त्याच्या आवडीची."

"गाडी मीच चालवत आणली, काका."

"मग मागच्या सीटवर घोरत असेल."

बाहेर तुतारी वाजली. एव्हिसने ढाल उचलून छातीशी धरली.

"अशीच जाऊ द्या ना, काका."

काकांना पोरीची दया आली. पण नियम मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी पांढऱ्या रंगाची डबी उघडली आणि ब्रश बुडवला.

"आण इकडे. पट्टी मीच ओढून देतो. हेमनला सांगायचं नाही हं."

एव्हिसने त्यांचं मनगट धरलं.

"नको, काका. ही बाबांनीच रंगवलीय, दवाखान्याच्या खाटेवर. मी पट्टी ओढायला घेतली, तर त्यांनी ब्रश हिसकावून घेतला. म्हणाले, 'मिरवणुकीच्या दिवशी तुला ती लागायची नाही.'"