डावा कान

"यंत्र बिघडलंय! कान नाही, यंत्र!" हेडफोनचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवता ठेवता म्हातारे रेकॉर्डिस्ट एवढ्या मोठ्याने म्हणाले की कारागिराच्या हातातला स्क्रू खाली पडला.

गेले सहा महिने त्यांना हेडफोनमध्ये डावीकडून कमी ऐकू येत होतं. उभा जन्म कानांच्या जिवावर काढलेला माणूस, पार घाबरून गेला. कानाच्या डॉक्टरकडे जावं तर स्टुडिओभर बातमी फुटणार. त्यांचा मुलगा तिथेच त्यांच्या हाताखाली काम करायचा. तो हेडफोन लावून बघायचा आणि म्हणायचा, "मला तर दोन्हीकडे सारखंच येतंय, बाबा. बाहेर कुठे बोलू नका हं." तरी मालकांना कळायचं ते कळलंच. उद्यापासून वडलांची खुर्ची मुलाला, असं ठरलंसुद्धा.

आज शेवटचं काम. गडबडीत हेडफोन उलटा घातला गेला. तर काय, उजवा कान मंदावला आणि डावा लख्ख ऐकू लागला! मग गाडी कसली बघतात, तसेच यंत्र आणि हेडफोन काखोटीला मारून दोन गल्ल्या चालत आले.

"उलटा घालून बघायचं आधी नाही सुचलं, काका?"

"सुचलं होतं हो. धीर झाला नाही."

गंमत म्हणजे एवढं सांगतानाही ते उजवा कानच पुढे करत होते. कारागिराला हसू आलं. हसत हसतच त्याने झाकण उघडलं आणि मग त्याचा चेहरा उतरला.

आत डाव्या बाजूला एक जास्तीचा रेझिस्टर बसवलेला होता, आवाज दाबायला. त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. आपलं काम ओळखू यावं म्हणून असा ठिपका द्यायची खोड या कारागिराचीच.

सगळं आठवलं त्याला. एक गोड बोलणारा तरुण आला होता. "वडलांचा डावा कान हळवा झालाय, मोठा आवाज सोसत नाही. तेवढी डावी बाजू जरा दाबून द्या. त्यांना मात्र सांगू नका, मनाला लावून घेतील." केवढी ही वडलांची काळजी, असं कारागिराने घरी बायकोलाही कौतुकाने सांगितलं होतं.

त्याने मुकाट्याने रेझिस्टर काढला, तार होती तशी जोडली. पार्ट जळाला होता म्हणून सांगू, मिटलं, असा त्याचा विचार. "एक पार्ट जळाला होता," असं म्हणून त्याने दुकानातलं एक गाणं लावलं आणि हेडफोन म्हाताऱ्यांच्या पुढे केला.

"पान उलटलं!" म्हातारे ओरडले. "गाताना कुणीतरी वहीचं पान उलटलंय, डावीकडे! सहा महिन्यांत असलं काही ऐकलं नव्हतं मी!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खिशातून त्यांनी फोन काढला. "आधी पोराला सांगतो. माझ्यापायी फार सोसलंय त्याने. परवा तर रडला बिचारा."

नंबर लावता लावता त्यांची नजर टेबलावर गेली. त्यांनी रेझिस्टर उचलला, उजेडात धरला.

"हा जळालेला नाही."

"आतून जातात कधी कधी."

"मला शिकवता?" त्यांनी लाल ठिपक्याकडे पाहिलं, मग सोल्डरिंगच्या सामानातल्या नेलपॉलिशच्या बाटलीकडे. "तुम्हीच बसवलाय हा. कुणी सांगितलं होतं?"

कारागिराला सहज थाप मारता आली असती. पण फोनच्या पडद्यावर मुलाचा हसरा फोटो आला होता. कारागिराची नजर त्यावर गेली आणि तिथेच अडकली. म्हाताऱ्यांना तेवढं पुरलं. पलीकडून कुणी उचलायच्या आत त्यांनी फोन बंद केला.

फोन त्यांनी खिशात ठेवला.

"लावा परत," म्हातारे म्हणाले.

"काय?"

"होता तिथेच लावा."

"अहो काका, कान ठणठणीत आहे तुमचा! मालकांकडे चला, मी स्वतः येतो सांगायला. असल्या पोराला तर..."

म्हाताऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. रेझिस्टर त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली.

"उद्या खुर्चीवर बसण्याआधी तो मालकांसमोर माझ्या कानांना हेडफोन लावेल आणि विचारेल, 'बाबा, डावीकडून नीट येतंय का?' तेव्हा 'नाही' म्हणताना मला खोटं बोलायला लागू नये."