भिंतीवरचा मॉनिटर

आईकडे राहायचे की बाबांकडे, हे न्यायालय सोमवारी चौदा वर्षांच्या सोदामलाच विचारणार होते. ग्योंगहोला मात्र लेकीला विचारण्याचा धीर होत नव्हता. योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात त्याने एक लहान मॉनिटर उचलला.

"हा घे. अभ्यासाला पुरतो, कुठेही नेता येतो."

"आणि गेम काय भिंग लावून खेळू?" तिने भलामोठा मॉनिटर दाखवला.

"ताई, हा भिंतीवरच बसवावा लागतो," दुकानदार म्हणाला.

"माझं घर भाड्याचं आहे," ग्योंगहो पुटपुटला. "खिळा ठोकायचा तरी मालकिणीला विचारावं लागतं."

"आपल्या मालकीणबाईंना मी मंगळवारीच विचारलं, बाबा. खुशाल भोकं पाडा म्हणाल्या."

ग्योंगहोने हातातला लहान मॉनिटर अलगद जागेवर ठेवला.