उजवा गाल

"पोरीनं हातातला पंखा उजव्या गालाला टेकवला की 'हो', डाव्या गालाला टेकवला की 'नाही'. आमच्या वेळी कादिस शहरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं," एवारिस्तो नव्या सुनेला, जसिंताला, सांगत होता. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, ही गोष्ट किती वेळा ऐकली देव जाणे. मी हातपंख्यानं त्याला वारा घालत होते.

"चिठ्ठी धाडून मी हिला लग्नाचं विचारलं होतं, पण नाचाच्या दिवाणखान्यात हिची आई हिला खेटून बसलेली. सरळ बघायची सोय नव्हती. मग मी पाठ करून उभा राहिलो आणि भिंतीवरच्या आरशात बघितलं. हिनं पंखा टेकवला तो थेट उजव्या गालाला! दुसऱ्याच दिवशी मागणी घातली. हिच्या वडिलांनी हिला न विचारताच शब्द दिला. विचारायचं काय? हिचं उत्तर माझ्याकडे होतंच!"

बोलता बोलता त्याला डुलकी लागली.

जसिंता चपापून माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सासूबाई, आरशात तर डाव्याचं उजवं दिसतं."

 

"माहितीये गं," मी पंखा तिच्या हातात दिला. "घे, आता तू घाल वारा. माझा हात अडतीस वर्षं दुखतोय."