दुसरा रंग

सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडातल्या गाठीच्या पेशी फुगलेल्या, पोकळ दिसत होत्या. मूत्रपिंडाच्या कर्करोगात दिसतात तशाच. स्कॅनमध्ये मूत्रपिंडावर डागही होता. त्यामुळे अहवालात लिहून गेलं होतं: मूत्रपिंडातून स्वादुपिंडात पसरलेला कर्करोग. त्यावर विसंबून सर्जन ह्यूने लुसिआनेला ऑकलंडहून टोंगाला, आईबापाकडे पाठवलं होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पॅथॉलॉजिस्ट डॉ. अनासेनी रजेवरून परतल्या आणि लुसिआनेच्या गाठीचा तुकडा लावलेली ती काच स्वतः बघत बसल्या. विशीतल्या पोरीला हा आजार? मन मानेना. या वयाच्या मुलींच्या स्वादुपिंडात क्वचित एक वेगळीच गाठ होते. तिचा पोकळ पेशींचा प्रकार तर फारच दुर्मीळ. त्यांनी नव्या काचेवर दुसरा रंग चढवायला सांगितला.

काच आली. पेशींची केंद्रकं तपकिरी झाली होती; मूत्रपिंडाच्या कर्करोगात तशी होत नाहीत. ती दुर्मीळ गाठच होती. कापून काढली की बहुतेक मुली खडखडीत बऱ्या होतात.

ह्यूने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले. "आणि मूत्रपिंडावरचा डाग?"

"साधी पाण्याची गाठ असेल. पुन्हा तपासू."

"फोन तूच कर. टोंगन तुझी भाषा. आणि मला कुठलं तोंड?"

फोन लुसिआनेनेच घेतला. सगळं ऐकून घेतलं. मग कुजबुजली, "ताई, बाबांना इतक्यात सांगू नका."

"अगं वेडे, का?"

"रग्बीसाठी घर सोडलं तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता स्वतः कंद उकडून भरवतात. उशाशी बसून चर्चमधली गाणी म्हणतात. मी मरत नाही म्हटल्यावर पुन्हा गप्प होतील."

अनासेनी तिला समजावू लागल्या. तेवढ्यात पलीकडे झटापट झाल्यासारखा आवाज आला. फोन दुसऱ्या हातात गेला होता.

"मी सेमिसी. हिचा बाप." आवाज जाड होता. "बहिरा नाही मी, ऐकलं सगळं. विमानाची दोन तिकिटं काढायला सांगा."

"सांगते."

नाक ओढल्याचा आवाज आला.

"आणि त्या पोरीला समजवा, डॉक्टरबाई. इतकी वर्षं बोललो नाही, त्यामुळे तिच्याशी भांडायचं राहूनच गेलंय. आता सवडीने भांडेन."