केंद्र बदलून मिळावे

तियारेत शहरातला पावभट्टीवाला लख्दर पन्नाशीला टेकला, तरी शालान्त परीक्षेला बाहेरून बसायचं काही सोडत नव्हता. तीनदा नापास झाल्यावर या वर्षी त्याने घरात पत्ताही लागू दिला नव्हता. पण प्रवेशपत्र आलं आणि पंचाईत झाली. मुलगी चाहिनेझ याच वर्षी परीक्षेला बसत होती आणि दोघांचं केंद्र एकच होतं. तो तडक परीक्षा कचेरीत गेला.

"साहेब, माझं केंद्र बदला. पोरीच्या देखत पेपर कोरा सोडायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं."

कारकुनाने नाव वाचलं आणि त्याला हसू फुटलं. "काका, तुमची पोरगी कालच येऊन गेली. म्हणाली, 'बाबा पिठाच्या पोत्यांमागे पुस्तकं लपवून अभ्यास करतायत. मला तिथे बघितलं तर घाबरून सगळं विसरतील.' तिला फ्रेंदाचं केंद्र दिलंय. तुम्ही आता इथेच निवांत बसा."

"फ्रेंदा?" लख्दर ओरडलाच. "पन्नास किलोमीटर! पोर एकटी कशी जाईल? साहेब, मलाही तिथलंच केंद्र द्या!"