फुकटची मदत

मगदूम नावाच्या अनोळखी माणसानं हेमलताच्या प्रोग्राममध्ये थेट बदल करायची परवानगी मागितली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

ब्रेल यंत्र संगणकाला जोडणारा तिचा मोफत प्रोग्राम लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, नवी आवृत्ती आली की बंद पडायचा. हा माणूस मात्र ती येण्याआधीच दुरुस्ती पाठवायचा, तीही फुकट. उद्या यानं आत काही घुसडलं तर?

तिनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर नुसता छताचा पंखा.

"तोंड का लपवताय?"

"कुठं लपवतोय? समोरच बसलोय की." कॅमेरा हलला, एक कान दिसला. "आता?"

हेमलता ओशाळली. आपण अंधांसाठी लिहिलेलं एखादा अंधच दुरुस्त करत असेल, हे तिला सुचलंच नव्हतं.

"यंत्र बंद पडलं की माझं वाचन थांबतं, म्हणून नव्या कर्नलची चाचणी आवृत्ती आधीच घालून बघतो," तो म्हणाला. "संशय मलाही होता, मॅडम. फुकट कोण देतं? मग तुमचा सगळा कोड बोटांनी वाचून काढला."

परवानगीच्या बटणाकडे निघालेलं बोट हेमलतानं आवरलं. "मग मीही तुमच्या दुरुस्त्या पुन्हा ओळ न् ओळ वाचते. मगच परवानगी."

"हां," मगदूम खुशीत म्हणाला, "आता बसला माझा तुमच्यावर विश्वास."